झेरॉक्सवरच्या रेघेतून आकडे काढताना: वेबप्लॉटडिजिटायझर तीन वर्षं वापरल्यानंतर

सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या उपसा सिंचन संस्थांची पंपांची कामं मी बावीस वर्षं करते आहे. जॅकवेलवर, म्हणजे नदीकाठच्या पंपाच्या विहिरीवर, जाऊन मोजणी घ्यायची, पंप त्याच्या कागदाप्रमाणे पाणी देतोय का ते बघायचं, नसेल तर दोष कुठे आहे ते शोधायचं. या कामात सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे पंपाचा कर्व्ह. आडव्या अक्षावर डिस्चार्ज (सेकंदाला किती पाणी), उभ्या अक्षावर हेड (ते पाणी किती मीटर उंच ढकललं जातं), मधून खाली उतरत जाणारी एक रेघ. पंप नवा असतो तेव्हा हा कागद कुणी नीट ठेवत नाही. पंचवीस वर्षांनी तो लागतो, तेव्हा संस्थेच्या कपाटात झेरॉक्सची झेरॉक्स सापडते, घडीवर फाटलेली.

या रेघेतून आकडे काढायला पूर्वी मी बटर पेपर, फूटपट्टी आणि टोकदार पेन्सिल वापरायची. गेली तीन वर्षं वेबप्लॉटडिजिटायझर वापरते. आलेखाचं चित्र पडद्यावर उघडायचं, अक्षांवरच्या ओळखीच्या जागा माऊसने दाखवायच्या, मग रेघेवर एकेक क्लिक करत जायचं. प्रत्येक क्लिकचे दोन्ही आकडे तक्त्यात जमा होतात. अंकित रोहतगी यांनी २०१०पासून हे काम चालवलं आहे. मुक्त स्रोत आहे, ब्राउझरमध्ये चालतं. मी वापरते ती चौथ्या मालिकेतली आवृत्ती, त्यामुळे खाली जे लिहिते आहे ते तिच्याबद्दल. तिच्यासाठी मला एक रुपयाही द्यावा लागलेला नाही.

हे लिहायला निमित्त एका संस्थेचं आहे. मागच्या हंगामात तिथे पाणी कमी पडायला लागलं. शेवटच्या चेंबरवरच्या सभासदांचा ऊस वाळायला लागला. आधी एक जण येऊन पंप बघून गेले होते आणि पंप झिजलाय, मोठा घ्या, असं सांगून गेले होते. ७५ एचपीचं कोटेशनही आलं होतं. संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळा गाव आबा म्हणतो, त्यांनी मला फोन केला. म्हणाले, "मॅडम, पंप म्हातारा झालाय म्हणत्यात. सभासदांकडनं एकरी पैसं गोळा करायचं म्हंजे मला तोंड द्यावं लागतंय. खरं काय ते तुम्ही सांगा."

मी गेले. पाईपवर बाहेरून बसवायचा अल्ट्रासॉनिक फ्लो मीटर लावला, डिस्चार्ज भरला सेकंदाला ४० लिटर. डिलिव्हरीवरचा प्रेशर गेज दर चौरस सेंटीमीटरला ५.७ किलो दाखवत होता, म्हणजे ५७ मीटर. नदीच्या पाण्याच्या पातळीपासून गेजपर्यंतची उंची आणि सक्शनमधलं घर्षण धरून त्यात ५ मीटर मिळवले. एकूण हेड ६२ मीटर. टॅकोमीटरवर फेरे १,४५० आले, कर्व्हवरही तेवढेच छापलेले होते. हे जुळणं महत्त्वाचं, कारण फेऱ्यांत ३ टक्के फरक पडला तर हेडमध्ये ६ टक्क्यांचा पडतो.

आता सगळं एकाच प्रश्नावर आलं. ४० लिटरला या पंपाने कागदाप्रमाणे किती हेड द्यायला हवं? ६५ द्यायला हवं असेल तर पंप खरंच झिजला आहे. ६२ असेल तर पंप ठणठणीत आहे आणि दोष दुसरीकडे आहे. तीन मीटरचा प्रश्न, आणि त्यावर संस्थेचे काही लाख रुपये. आधीच्या माणसांनी कागदाचा मोबाइलवर फोटो काढून त्यावरून ६५ वाचलं होतं.

मी तो कागद संस्थेकडून मागून घेतला आणि तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात सपाट स्कॅनरवर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करून आणला. स्कॅनिंगला दहा रुपये जातात, पण त्यावर पुढचं सगळं उभं आहे. स्कॅनमध्ये हेडचा अक्ष, ० ते ८० मीटर, साधारण १,००० पिक्सेलमध्ये बसला. म्हणजे एक पिक्सेल ८ सेंटीमीटर हेडचा. छापलेली रेघ मात्र पाच पिक्सेल जाड होती, म्हणजे रेघेची जाडीच ४० सेंटीमीटर. क्लिक रेघेच्या वरच्या काठावर केलं की खालच्या, यावर एवढा फरक पडतो. म्हणून माझा नियम: कायम रेघेच्या मधोमध. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात कर्सरखालच्या भागाचं मोठं केलेलं चित्र दिसत राहतं, त्यात बघूनच क्लिक करायचं. या एका खिडकीसाठी मी हे साधन कुणालाही सुचवेन. भिंगाखाली कागद धरल्यासारखी रेघ दिसते, शाई कुठे फुटलीय तेही दिसतं.

पहिली पायरी अक्ष शिकवण्याची. एक्स१, एक्स२, वाय१, वाय२ असे चार बिंदू क्लिक करायचे आणि त्यांच्या किमती टाइप करायच्या. इथे बहुतेक जण घाई करतात. मी सांगते, पूर्ण कामाचा अर्धा वेळ इथे द्या. दोन बिंदू जितके लांब तितकं चांगलं. एक्सवर १० आणि २० घेतलेत आणि क्लिक एक पिक्सेलने चुकलं, तर ती चूक ८०पर्यंत जाताना कितीतरी पटीने वाढते. ० आणि ८० घेतले तर ती तेवढीच राहते. माझ्या कागदावर ०चा कोपरा शाईने काळा झाला होता, त्यामुळे मी डिस्चार्जसाठी ५ आणि ८० घेतले. बिंदू मूळ कोपऱ्यावरच असावा असं काही बंधन नाही, किंमत ठाऊक असलेली कोणतीही ठळक रेघ चालते. क्लिक थोडं सरकलं तर माऊस पुन्हा हलवत बसायची गरज नाही, कीबोर्डच्या बाणांनी खूण हळूहळू सरकवता येते. स्कॅन किंचित तिरका आला असेल तर तो तिरकेपणा या चार बिंदूंतून हिशेबात धरला जातो.

मोबाइलच्या फोटोचं मात्र तसं नाही. फोटो कोनातून काढला की कागदाची जवळची बाजू मोठी आणि लांबची लहान दिसते. चौकोन समलंब होतो. चार बिंदूंच्या हिशेबात हे धरलं जात नाही. हे नुसतं सांगून आबांना पटलं नसतं, म्हणून मी तोच मोबाइलचा फोटो संस्थेकडून मागवून या साधनात घातला. त्यावर अक्ष शिकवले आणि ४० लिटरला रेघेवर क्लिक केलं. आलं ६४.८. म्हणजे आधी आलेल्या माणसांची नजर चुकली नव्हती, फोटोने त्यांना फसवलं होतं. मग त्याच फोटोवर जाळीच्या चौकटीत ४० आणि ६० जिथे एकमेकांना छेदतात तिथे क्लिक केलं. तिथे उत्तर ६० यायला हवं. आलं ६२.६.

ही तपासणी मी आता प्रत्येक आलेखावर करते. रेघेला हात लावण्याआधी "तपासणी" नावाचा वेगळा डेटासेट (बिंदूंचा संच) उघडायचा आणि जाळीच्या पाच-सहा छेदांवर क्लिक करायचं: चार कोपऱ्यांकडे आणि एक-दोन मध्यावर. आकडे ओळखीचे आले तरच पुढे जायचं. स्कॅनवर त्याच छेदाला मला ४०.०३ आणि ६०.०७ मिळाले. याच्यापेक्षा चांगलं कागदाकडून मागता येत नाही. प्रोग्रॅम हे स्वतःहून करायला सांगत नाही, आणि माझ्या मते ही त्याची मोठी उणीव आहे. अक्ष शिकवून झाल्यावर एक खिडकी उघडून "आता दोन ओळखीच्या जागा दाखवा" असं त्याने विचारलं असतं, तर कितीतरी चुकीचे तक्ते जन्मालाच आले नसते.

मग रेघ. ए दाबलं की बिंदू वाढवायचा, एस दाबलं की हलवायचा, डी दाबलं की पुसायचा. डावा हात कीबोर्डच्या या तीन अक्षरांवर आणि उजवा माऊसवर, अशी बैठक एकदा जमली की हात आपोआप चालतो. मी लॅपटॉपच्या टचपॅडवर हे काम कधी करत नाही. वायरचा साधा माऊस आणि खाली गडद रंगाचं जाड पॅड. टचपॅडवर बोट उचलताना कर्सर दोन-तीन पिक्सेल सरकतो आणि ते कळतही नाही.

बिंदू किती घ्यायचे? रेघ सरळ उतरत असेल तिथे लांब लांब, वळते तिथे जवळ जवळ. या पंपाला मी चौदा घेतले. डिस्चार्ज शून्य असताना ७४ मीटर, २० लिटरला ७१, ४० लिटरला ६२, ६० लिटरला ४७. सगळे आकडे एक्सेलमध्ये नेऊन मी एक गोष्ट नेहमी करते: आडव्या अक्षावर डिस्चार्जऐवजी डिस्चार्जचा वर्ग घेते. अशा पंपाचा कर्व्ह मग जवळजवळ सरळ रेषेत येतो आणि एखादं क्लिक चुकलेलं असेल तर ते रांगेतून बाहेर आलेल्या मुलासारखं लगेच दिसतं. माझा सातवा बिंदू तसा दिसला. परत चित्रावर जाऊन बघितलं, तर तिथे एफिशियन्सीची (पंपाला दिलेल्या शक्तीपैकी किती टक्के कामी येते त्याची) रेघ हेडच्या रेघेला छेदत होती आणि मी छेदाच्या पुढे चुकीच्या रेघेवर क्लिक केलं होतं. एस दाबून बिंदू जागेवर आणला. समीकरण आलं: ७४ उणे ०.००७५ गुणिले डिस्चार्जचा वर्ग.

४० लिटरला ६२. मी जॅकवेलवर मोजलेलंही ६२. पंप झिजलेला नव्हता.

मग दोष पाईपमध्ये. स्थिर उंची, म्हणजे नदीच्या पाण्यापासून पाणी सोडायच्या जागेपर्यंतची, ४८ मीटर, म्हणजे १४ मीटर हेड निव्वळ घर्षणात जात होतं. मेन लाईन २०० मिलिमीटरची, लोखंडी, साधारण ८३० मीटर लांब. धुलाई व्हॉल्व्हजवळचा एक जोड खोलायला लावला. आतून गंजाचे थर, बोटाने खरवडले तर तपकिरी पापुद्रे हातात येत होते. नव्या पाईपला याच डिस्चार्जला सव्वासात मीटरच्या आसपास घर्षण लागेल. म्हणजे तोच पंप, तोच मोटर, पण पाणी ४० ऐवजी ४६.५ लिटर.

इथे एफिशियन्सीची रेघही कामाला आली, आणि या साधनाची एक चांगली सोय सांगायला हवी. आमच्या कर्व्हवर डावीकडे हेडचा अक्ष आणि उजवीकडे एफिशियन्सीचा. एकाच चित्रावर दोन वेगळ्या अक्षांची शिकवणी ठेवता येते आणि कोणता डेटासेट कोणत्या अक्षांवर वाचायचा ते ठरवता येतं. त्यामुळे हेड आणि एफिशियन्सी एकाच फाईलमध्ये राहतात. ४० लिटरला ७२ टक्के, ४६.५ला ७६ टक्के. मग हिशेब साधा आहे: डिस्चार्ज गुणिले हेड, त्याला भागायचं १०२ आणि एफिशियन्सीच्या गुणाकाराने. आज पंपाला ३३.८ किलोवॅट लागतात. पाईप बदलल्यावर ३४.७ लागतील, पण पाणी जास्त येईल. हजार घनमीटर पाण्यामागे पंपाच्या शाफ्टवर आज सुमारे २३५ युनिट, नंतर सुमारे २०७. आणि पाईप तसाच ठेवून मोठा पंप बसवून सेकंदाला ५० लिटर ढकलले असते तर त्याच हजार घनमीटरला सुमारे २५०. घर्षण डिस्चार्जच्या वर्गाने वाढतं, गंजक्या पाईपात मोठा पंप म्हणजे वीजबिलाला आमंत्रण.

सर्वसाधारण सभेत मी कागद वाचून दाखवण्याऐवजी लॅपटॉप ग्रामपंचायतीच्या प्रोजेक्टरला जोडला आणि चित्र उघडलं. आबांना म्हटलं, या बसा, मोजलेला बिंदू तुम्हीच टाका. त्यांनी माऊस दोन्ही हातांनी धरला. आडव्या अक्षावर ४० शोधलं, उभ्यावर ६२, कर्सर तिथे नेला आणि सगळ्यांना दिसेल असा थांबले. क्लिक केल्यावर खूण बरोबर छापलेल्या रेघेवर पडली. मागून एक म्हातारे सभासद म्हणाले, "म्हंजे पंप बरा हाय म्हना की." पुढची चर्चा पाईपच्या वर्गणीचीच झाली.

आता आपोआप बिंदू काढण्याच्या सोयीबद्दल. रेघेचा रंग निवडायचा, पेनने किंवा चौकोनाने तेवढा भाग घेरायचा आणि प्रोग्रॅमला सांगायचं, तो रंग शोधून बिंदू तोच टाकतो. नव्या कॅटलॉगच्या रंगीत पीडीएफवर हे छान चालतं. पांढऱ्यावर निळी रेघ असेल तर दोन मिनिटांत ठरावीक अंतरावरचे शंभर बिंदू हातात येतात. पण जुन्या झेरॉक्सवर रेघ काळी, जाळी काळी, इम्पेलरचा (पंपातल्या फिरत्या चाकाचा) व्यास लिहिलेला आकडाही काळा आणि बरोबर रेघेवर. जाळी काढून टाकायची सोय आहे, पण जाळीबरोबर रेघेचे तुकडेही जातात. मी असे कागद हातानेच करते. आणि खरं सांगते, हाताने करायला मला आवडतंही. चौदा क्लिक करताना मी ती रेघ चौदा वेळा नीट बघते. छेद, शाईचा डाग, छपाईतली मोड, सगळं तेव्हाच लक्षात येतं.

लॉग अक्षाचं एक सांगायला हवं, कारण त्यात माझ्या हाताखालच्या मुलीचे दोन दिवस गेले. पाईपमधल्या घर्षणाचा मूडींचा १९४४चा प्रसिद्ध आलेख आम्ही असाच वाचत होतो. त्याचे दोन्ही अक्ष लॉगचे, म्हणजे सारख्या अंतराला आकडा सारख्या पटीने वाढतो. शिकवणीच्या खिडकीत लॉगची छोटी चौकट टिकमार्क करायची राहिली. प्रोग्रॅम काही बोलत नाही, आकडे येत राहतात आणि दिसायला नीटनेटके असतात. पण १० आणि १००च्या बरोबर मधला बिंदू लॉग अक्षावर ३१.६ असतो आणि साध्या अक्षावर ५५. तिने रात्री परत सगळं केलं. त्या दिवसापासून छेदांची तपासणी आमच्या ऑफिसात सक्तीची झाली.

दशांशही सांभाळावे लागतात. तक्त्यात ६२.०४१८३७ असे आकडे येतात. रेघेची जाडी ४० सेंटीमीटर असताना तिसऱ्या दशांशाला काही अर्थ नाही. आकड्यांची लांबी ठरवायची सोय तिथेच आहे, ती वापरावी आणि अहवालात एकच दशांश द्यावा. तक्ता एक्सप्रमाणे क्रमवार लावून सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी आकड्यांची साधी फाईल) उतरवता येतो, तेही तिथेच.

काम अर्धवट असताना प्रोजेक्ट जतन करायला विसरू नका. चित्र, शिकवलेले अक्ष आणि सगळे बिंदू एकाच फाईलमध्ये राहतात. सहा महिन्यांनी कुणी विचारलं की हा आकडा कुठून आला, तर फाईल उघडून खूण दाखवता येते. बटर पेपरच्या काळात हे कधीच शक्य नव्हतं. नुसता सीएसव्ही ठेवला तर पुरावा गेला. माझ्या कामाचं चित्र ब्राउझरमध्येच राहतं, कुठे पाठवलं जात नाही, हेही संस्थेच्या कागदांसाठी मला बरं वाटतं.

पडद्यावरची भाषा सगळी इंग्रजी, अक्षरं बारीक. संस्थेचा पंप ऑपरेटर हे एकट्याने करू शकेल असं नाही, पण डिप्लोमा झालेली मुलं एका दुपारीत शिकतात.

दुसरी साधनंही हाताळली आहेत. एनगेज डिजिटायझर कॉम्प्युटरवर इन्स्टॉल करावं लागतं. रेघेच्या तुकड्यांवर बिंदू भरण्यात ते पटाईत आहे, पण मला त्याच्या मेनूंमध्ये वेळ जातो. माझा भाचा पायथॉनमध्ये मॅटप्लॉटलिबचं जीइनपुट वापरतो. चित्रावर डावं क्लिक केलं की बिंदू, उजवं केलं की शेवटचा बिंदू रद्द. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ते मोकळं वाटतं. फक्त काही सांगितलं नाही तर ते ३० सेकंदच वाट बघतं आणि मग जेवढे बिंदू झाले तेवढ्यावर थांबतं, त्यामुळे वेळेची मर्यादा शून्य करून ठेवावी लागते. अक्षांचा हिशेबही स्वतः लिहायचा. आमच्यासारख्यांना वेबप्लॉटडिजिटायझरच सोयीचं.

पाईपची वर्गणी जमा झाली आहे. काम दिवाळीआधी, उपसा सुरू व्हायच्या आत. त्यानंतर मी पुन्हा फ्लो मीटर घेऊन जॅकवेलवर जाणार आहे. "पाईप बदलल्यानंतर" या नावाचा एक रिकामा डेटासेट मी त्या फाईलमध्ये आत्ताच उघडून ठेवलाय. आबा म्हणालेत, तो बिंदूही मीच टाकणार.